निरसं दूध आणि आपली आळी

ती. आबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

काल रात्री फोनवर आई सहज बोलून गेली, "मोरी म्हैस गाभडली गं. आठवा महिना चालू होता. जार (वार) अडकला होता, आबांनीच हात घालून काढला." आणि लगेच भाताच्या लावणीचं सांगायला लागली. मी नुसतं हं हं म्हणत राहिले, पण रात्रभर डोळा लागला नाही. आबा, फोनवर तुमच्याशी बोलायला लागले की आपला वाद होतो आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून लिहिते आहे. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये एका शेतकऱ्याचं रक्त आलं होतं. महिनाभर ताप. सकाळी माणूस बरा, संध्याकाळी अंग तापायचं, रात्री घामानं अंथरूण भिजायचं. कंबर आणि सांधे इतके दुखायचे की वैरणीचा भारा उचलवेना. मलेरिया पाहून झाला, टायफॉइड पाहून झाला. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, घरी जनावरं आहेत का? आहेत. एखादं गाभडलं का? दोन महिन्यांपूर्वी. जार कुणी काढला? मीच. मग आम्ही ब्रुसेला नावाच्या जंतूची तपासणी केली आणि तोच निघाला. दोन-दोन औषधं सलग सहा आठवडे घ्यायला लागली त्यांना.

जनावरांचे डॉक्टर याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. गाभण गाय-म्हैस शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडते, जार अडकतो. मोरीचं अगदी तसंच झालंय. तिला तेच असेल असं मी म्हणत नाही. जनावर घसरून पडल्यानं, इतर रोगानंही गाभडतं. पण रक्त तपासल्याशिवाय "नसेल" असंही कुणाला म्हणता येणार नाही. हे जंतू जारात आणि त्या पाण्यात भरपूर असतात, हाताच्या चिरेतून आत जातात. आणि दुधातही उतरतात. म्हैस वरून धडधाकट दिसते, रवंथ करते, दूध देते, आणि धारेतून जंतू येत राहतात.

आबा, तुमचं उत्तर मला पाठ आहे. "पन्नास वर्षं धारोष्ण पितोय, काय झालं मला?" तुम्हाला काही झालं नाही, याचा मला आनंद आहे. पण एक गोष्ट सांगते. माल्टा नावाचं एक बेट आहे. तिथे इंग्रजांचे सैनिक असाच महिनोन् महिने रेंगाळणारा ताप येऊन आजारी पडायचे. डेव्हिड ब्रूस नावाच्या लष्करी डॉक्टरने 1887 मध्ये त्या तापाचा जंतू शोधला, त्याच्याच नावावरून ब्रुसेला. पण तो जंतू माणसात येतो कुठून, हे कळायला 1905 साल उजाडलं. तिथल्याच झामिट नावाच्या डॉक्टरने शेळ्यांचं रक्त तपासलं. शेळ्या दिसायला ठणठणीत, आणि त्यांच्या दुधात तो जंतू. पुढच्या वर्षी सैनिकांना शेळीचं दूध द्यायचं बंद केलं आणि ताप झपाट्यानं उतरला. जनावर चांगलं दिसतंय म्हणजे दूध चांगलं, हे इतकी वर्षं सगळ्यांनाच खरं वाटत होतं. त्यात तुमची काही चूक नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. आपलं दूध फक्त आपण पीत नाही.

दूध संघाच्या कॅनमध्ये ओतण्याआधी तुम्ही आळीचं दूध बाजूला काढता. लहानपणापासून हे मी बघत आले आहे. कालनिर्णयावर टिंबं असायची, कुणाचं अर्धा लिटर, कुणाचं पावशेर, कुणाचं सुगी झाल्यावर. मास्तरांच्या घरी मी किटली घेऊन जायचे. वरच्या आळीच्या आजीकडून तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत आणि "घेत नाही" असंही कधी म्हणाला नाहीत. फक्त तिच्या नावापुढे टिंब नसायचं. कुणाच्या घरी बाळंतीण असली की सव्वा महिना तांब्याभर दूध न मागता जायचं. म्हैस व्यायली की आई चिकाचा खरवस करून घरोघर द्यायची आणि तिची भांडी कधी रिकामी परत यायची नाहीत, कुणी मूठभर शेंगा, कुणी साखर घालून द्यायचं. हिंगोली जिल्ह्यात येळेगाव गवळी म्हणून गाव आहे, तिथे दूध विकतच नाहीत, ज्याला लागेल त्याला देतात. त्या गावाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तुम्ही आठवला होता.

मी शहरात राहते, पिशवी फोडते आणि दूध पातेल्यात ओतते. ते कुठल्या म्हशीचं, कुठल्या गोठ्यातलं, मला माहीत नाही. आपल्या आळीतल्या पोरांना म्हशीचं नावसुद्धा माहीत असतं. ही गोष्ट मोडावी असं मला कधीही वाटणार नाही. म्हणून सांगते, वाटणं थांबवू नका. निरसं पिणं थांबवा.

संघाला जाणारं दूध पुढे यंत्रात तापतं. 72 अंशावर पंधरा सेकंद, किंवा 63 अंशावर अर्धा तास, एवढ्यानं हे जंतू मरतात. आळीत जाणाऱ्या दुधाला मध्ये कुणी नाही, फक्त ज्याच्या त्याच्या घरची चूल. आपल्याकडे दूध तापवतातच म्हणा, आई तर उतू जाईपर्यंत तापवते, आणि तेवढं झालं की हा जंतू टिकत नाही. पण सगळं दूध चुलीवर चढत नाही, आई. आठव जरा. सत्यनारायण असला की पंचामृताला निरसंच दूध लागतं म्हणून सगळे आपल्याकडे येतात, आणि ते तीर्थ लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तळहातावर पडतं. तालमीतली पोरं पहाटे गोठ्यात येऊन तांब्या पुढे धरतात. इथे कोल्हापुरात गंगावेशीत संध्याकाळी म्हशी उभ्या करून समोर धार काढून फेसाळ दूध देतात, लोक हौसेने पितात, मीही पूर्वी प्यायले आहे. आता माझा हात पुढे होत नाही. आणि आबा, नातू सुट्टीला आला की तुम्ही त्याला उकिडवं बसवून थेट तोंडात धार सोडता. त्याच्या हसण्याचा आवाज मला इथे बसून ऐकू येतो. तरी सांगते, आता नाही.

पंचामृताला तापवून गार केलेलं दूध घाला. देवाला ते कमी पडेल असं मला वाटत नाही. आईला वाटत असेल तर गुरुजींशी मी बोलते.

मोरीचं सांगते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवा आणि मोरीचं रक्त तपासायला द्या. चांदीचंही द्या, दोघी एकाच दावणीला आहेत. निकाल येईपर्यंत दोघींचं दूध आळीत निरसं जाऊ देऊ नका. जार कुठे पुरला? उथळ असेल तर कुत्री उकरतील. खोल खड्डा, वरून चुना. मोरी गाभडली ती जागाही चुन्यानं धुवून घ्या, आणि ते काम आईनं करायचं नाही, तिच्या हाताला विळ्याच्या चिरा आहेत. आबा, तुम्हाला येत्या दिवसांत ताप आला, अंग मोडून आलं, तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना आधी हे सांगा की म्हैस गाभडली होती.

चांदीची रेडी पाच महिन्यांची झाली ना? या रोगाची लस फक्त मादी वासरांना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. 2019 पासून सरकारी कार्यक्रमात ती मोफत आहे. हे तीन महिने गेले तर वेळ गेली.

आणि मोरीचं रक्त दूषित निघालं तर? यावर जनावराला औषध नाही. मला माहीत आहे, तुम्ही तिला रेडी असल्यापासून वाढवलंय. पण मग तिला बाजार दाखवायचा नाही, आबा. तुम्ही तो विचार करणार नाही हे मला ठाऊक आहे, पण कुणीतरी येईल, चांगली किंमत सांगेल, "गाभडली होती हे कशाला बोलायचं" म्हणेल. ज्याच्या दावणीला ती जाईल त्याच्या घरीही नातवंडं असतील. डॉक्टर सांगतील तसं करू. नुकसानीचं आपण तिघं बसून बघू, माझे पैसे बँकेत नुसते पडून आहेत.

सगळ्यात अवघड काम शेवटी. आळीला सांगायला लागेल. मास्तरांना, आजीला, तालमीतल्या पोरांना. तुम्हाला वाटेल, लोक म्हणतील यांच्या दुधात रोग आहे, आणि चाळीस वर्षांचा रतीब तुटेल. दोन-चार घरं महिनाभर पिशवी आणतीलही. पण ज्यांच्या नावापुढे तुम्ही टिंब घालत नाही, ती माणसं तुमचं ऐकतील. तुम्हाला जड जात असेल तर मी सोबत येते, दारोदार जाऊन मी बोलते.

शनिवारी दुपारच्या एसटीनं निघते. हातमोजे, चुन्याची पिशवी आणि तुमच्या दोघांच्या रक्ताच्या नळ्या घेऊन येते. सकाळी काही न खाता थांबायची गरज नाही, चहा घ्या. आजीला सांगून ठेवा, रविवारचं दूध मी घेऊन येणार आहे, तापवून.

तुमची लेक