अनुदान घराच्या भिंतीपर्यंत पोहोचवल्याबद्दल आभार

समन्वयक ताई,
सप्रेम नमस्कार.

वणव्यापासून बचावासाठी सरकारी पैसा येणार म्हटलं की सगळ्यांचं लक्ष डोंगरावरच्या झाडीकडे जातं. सगळी रक्कम तिकडेच न जाता घरांनाही मिळावी म्हणून तुम्ही भांडलात, त्याबद्दल वस्तीतर्फे मनापासून आभार. बहुतेक घरं पेटतात ती वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी. त्या पोटमाळ्याच्या झरोक्यातून आत शिरतात, नाहीतर पन्हळीतल्या वाळक्या पानांत पडतात.

भिंतीपासून पाच फुटांची रेघ तुम्ही प्रत्येक घराला आखून दिलीत. त्या पट्ट्यात झुडूप, सालींचं आच्छादन, रचलेली लाकडं काहीच नको. खडी किंवा फरशी चालेल. लाकडी कुंपण भिंतीला टेकतं तिथला पाच फुटांचा तुकडा काढून धातूचा बसवायचा, कारण कुंपण वातीसारखं आग घरापर्यंत आणतं. झरोक्यांची पाव इंची जाळी बदलून अष्टमांश इंची, म्हणजे सुमारे 3 मिलिमीटरची, न गंजणारी धातूची लावायची. प्लास्टिकची वितळते. एक सोळांश इंची जाळी ठिणग्या जास्त अडवते खरी, पण धुळीने आणि रंगाने बुजते, मग पोटमाळ्यात हवा खेळत नाही. ती लावली तर साफसफाई आलीच. कपडे वाळवायच्या यंत्राच्या नळीला मात्र जाळी नको, हे तुम्ही दारोदार बजावलंत. तिथे कपड्यांचे तंतू साठतात आणि आतूनच आग लागू शकते. तिथे धातूची झडपच हवी.

कागदपत्रांचं काम तर याहून किचकट. आपल्या कॅलिफोर्निया राज्याने 2019 च्या ‘एबी 38’ या क्रमांकाच्या कायद्याने घरं आगीला टिकतील अशी करून देण्याचा कार्यक्रम उभा केला. त्याला फेमाचं, म्हणजे अमेरिकेच्या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेचं, आपत्ती-निवारण अनुदान मिळतं: साधारण 75 टक्के संघीय सरकारचे, बाकीचे स्थानिक. पर्यावरणाची तपासणी आणि मंजुरी होण्याआधी खिळा जरी ठोकला, तरी तो खर्च बाद होऊ शकतो. उत्साही लोक नेमके इथेच फसतात. स्वयंसेवकांचे तास स्थानिक हिश्शात धरता येतात, पण नाव, तारीख, काम आणि सही असेल तरच. म्हणून तुम्ही केलेला तो साधा तक्ता आम्हाला लाखमोलाचा वाटतो.

आधी खर्च करा, मग पैसे मिळतील, या पद्धतीत निवृत्त आणि कमी उत्पन्नाची घरं मागे राहतात. तुम्ही कंत्राटदाराला थेट पैसे मिळतील अशी सोय केलीत आणि त्याच घरांपासून कामाला सुरुवात केलीत. हा निर्णय आम्हाला सगळ्यांत मोठा वाटतो. घरं जवळजवळ असली की पेटलेलं घर हेच शेजाऱ्यासाठी सरपण होतं. एका घराचं काम राहून गेलं आणि ते पेटलं, तर शेजारच्या चांगल्या जाळ्यांनाही त्या उष्णतेपुढे टिकणं कठीण.

पन्हळी आणि पाच फुटांचा पट्टा दरवर्षी पुन्हा पानांनी भरतो. ज्यांना शिडीवर चढवत नाही, त्या घरांची यादी आम्ही तयार ठेवली आहे. वाऱ्याचा मोसम सुरू होण्याआधीची तपासणीची तारीख तेवढी कळवा.

आपले,
वस्ती समितीचे सर्व सभासद