तो मुतखडा नव्हे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत हिरोनिमस बॉश या जुन्या डच चित्रकाराच्या चित्राखाली ‘डोक्यातील खडा काढण्याची शस्त्रक्रिया’ असे छापले आहे. आमच्या शेजारच्या काकांना दोनदा मुतखडा झालेला. त्यांनी लगेच ‘हा आता डोक्यातही होतो वाटतं’ म्हणून धसका घेतला.

चित्रात खुर्चीत बसलेला माणूस आजारी नाही, खुळा आहे. डच भाषेत ‘कै’ म्हणजे मोठा धोंडा, आणि पूर्वी ‘डोक्यात कै आहे’ म्हणजे मूर्ख आहे. चित्रावर सोनेरी अक्षरांत तेच लिहिलंय : वैद्यबुवा, हा कै चटकन कापून काढा. गंमत अशी की, डोक्यावर नरसाळे घातलेले वैद्यबुवा काढताहेत ते फूल!

हे मला कळले ते लेकीकडे नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्टला तीन महिने राहिले तेव्हा. त्या गावाचा तर धोंडाच प्रसिद्ध. १६६१च्या जूनमध्ये एका जमीनदाराच्या पैजेपायी ४०० माणसांनी माळावरचा भला मोठा धोंडा ओढत गावात आणला. मजुरी काय, तर बिअर आणि इंग्रजी आठाच्या आकाराची बिस्किटं! आजूबाजूची गावं ‘धोंडेओढे’ म्हणून चिडवू लागली, तेव्हा १६७२मध्ये लाजेकाजेस्तव तो पुरून टाकला. १९०३ला पुन्हा उकरला. आता रस्त्याकडेला दिमाखात उभा आहे, आणि गाव स्वतःला ‘धोंड्याचं शहर’ म्हणवतं.

एकदा नातू शाळेतून आला आणि म्हणाला, ‘आजी, बाईंनी मला गणितातला कै म्हटलं.’ माझ्या कानाला आधी निधनवार्तांतला ‘कै.’ आठवला, मग चित्रातला खुळा. मी तीस वर्षे गणित शिकवलं, कितीतरी मुलांना ‘दगड’ म्हटलं; पण नातवाला कुणी म्हणावं? मी चप्पल घालून शाळेत निघालेच होते. लेक हसत सुटली. आता तिकडे ‘कै’ म्हणजे पटाईत, एक नंबर! ‘खूट’ म्हणजे चांगलं, तर ‘कैखूट’ म्हणजे लय भारी.

तरी पुढच्या रविवारी ‘वेडाचा खडा’ अशी दुरुस्ती छापावी. काकांनी ते चित्र कात्रीने कापून डॉक्टरांना दाखवायला ठेवले आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, कराड