लॅपटॉपच्या तुलनेत बिजागरीलाही एक रकाना हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की ‘कोणता लॅपटॉप घ्यावा’ हे सांगणारी आपली पुरवणी येते. यंदाच्या पुरवणीतला पानभर तक्ता मी अक्षरशः भिंग घेऊन वाचला. त्यात प्रोसेसर, रॅम, साठवण, वजन आणि किंमत होती, इतकेच काय, स्क्रीनभोवतीच्या कडेची जाडीही मिलिमीटरमध्ये दिली होती. मात्र झाकणाची बिजागरी कशात बसवली आहे आणि आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार आहेत, यांसाठी एकही रकाना नव्हता. मी २५ वर्षे भाषांतराचे काम करते आहे आणि माझ्या घरातले लॅपटॉप बाद झाले ते बहुधा याच दोन कारणांनी; प्रोसेसर मंद पडला म्हणून टाकून द्यावा लागलेला एकही मला आठवत नाही.

माझा आधीचा लॅपटॉप एका नावाजलेल्या कंपनीचा होता. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या किमतीत तसलीच बांधणी बहुतेक सगळे विकतात. मुलुंड ते फोर्ट अशा लोकलच्या गर्दीत त्याने तीन पावसाळे काढले आणि एके दिवशी झाकण उघडताना डाव्या कोपऱ्यात ‘कट्’ असा आवाज होऊन स्क्रीनची चौकट उकलून वर आली. लॅमिंग्टन रोडवरच्या (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण पत्ता सांगताना ते नाव कुणी घेत नाही) एका कारागिराने तो माझ्यासमोर उघडला. बिजागरी धातूची आणि धडधाकट होती, स्क्रू जागच्या जागी होते आणि त्यांच्या टोकांना पितळेचे इवलेसे नटही तसेच अडकलेले होते. हे नट ज्यात रुतवलेले असतात, ते प्लास्टिकचे खांब मात्र फुटले होते, आणि त्यांचा दाण्याच्या कुटासारखा चुरा टेबलावर सांडला. “ताई, हिंज कडक झाला की वळत नाही. मग जोर जाणार कुठे? प्लास्टिकवरच,” इतकेच तो म्हणाला. अधिकृत सेवा केंद्राने स्क्रीनसकट पूर्ण झाकण बदलावे लागेल असे सांगून १६ हजारांचा अंदाज दिला होता. याने खांबांच्या जागी एपॉक्सी भरले, नट पुन्हा रुतवले, बिजागरीला ग्रीस लावले आणि ८०० रुपये घेतले. तो लॅपटॉप अजून चालतो.

यावरून मला असे वाटते की ‘ही कंपनी चांगली की ती’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. लेनोवोचा आयडियापॅड आणि थिंकपॅड, एचपीचा पॅव्हिलियन आणि एलिटबुक, डेलचा इन्स्पिरॉन आणि लॅटिट्यूड या जोड्यांत पहिली मालिका घरगुती आणि दुसरी व्यावसायिक; त्यांच्या बोधचिन्हाखेरीज बांधणीत फारसे साम्य नसते. थिंकपॅड ही मालिका आयबीएमने १९९२ मध्ये सुरू केली आणि २००५ मध्ये ती लेनोवोकडे गेली. तिच्या मॉडेलांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका, कोणता स्क्रू कोणत्या क्रमाने काढायचा इथपर्यंतच्या तपशिलासह, कुणालाही मोफत वाचता येतात. डेल आणि एचपीही आपल्या व्यावसायिक मालिकांसाठी हे करतात. त्यात आता नावांचा घोळ वाढला आहे: २०२५ च्या जानेवारीत डेलने लॅटिट्यूड हे रुळलेले नाव बाजूला सारून ‘डेल प्रो’ आणले, त्यामुळे जुन्या नावांवरून पारख करणाऱ्या गिऱ्हाइकाची ओळखीची खूण गेली. अशा वेळी तक्त्यात नुसते कंपनीचे नाव छापून भागत नाही.

धातूचे आवरण घेतले म्हणजे निश्चिंत झालो, असेही नाही. अर्थिंग नसलेला दोन पिनांचा चार्जर लावला की अशा आवरणावर टेकलेल्या मनगटाला बारीक झिणझिण्या येतात, आणि जुन्या चाळींत नीट अर्थिंग असलेले सॉकेट शोधावेच लागते. ॲपलची बांधणी देखणी आणि घट्ट असते, पण त्याच कंपनीने २०१५ पासून काही वर्षे वापरलेला ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड धुळीच्या कणानेही अडत असे. त्यासाठी तिला २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि पुढे अमेरिकेतील दाव्यात ५ कोटी डॉलरची तडजोडही करावी लागली. ॲपलच्या मॅकबुक एअर या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येत नाही आणि साठवण मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणून बोर्डात पाणी गेले की बॅकअप नसलेल्या फायलीही सहसा गेल्याच म्हणायच्या. मुंबईच्या पावसात हा मुद्दा लहान नव्हे. राहिला जाहिरातींतला ‘मिलिटरी ग्रेड’ हा शब्द: मिल-एसटीडी-८१० ही अमेरिकी लष्कराची चाचण्यांची पद्धत आहे. तिच्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे उत्पादकच ठरवतो आणि त्यासाठी शिक्का देणारी कोणतीही संस्था नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमची तारीख हे दुसरे दुखणे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते आणि इंटेलच्या बाबतीत, थोडे अपवाद वगळता, आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर तिच्या यादीत बसतात. त्यामुळे बिजागरी, कीबोर्ड, स्क्रीन सगळे शाबूत असलेले कितीतरी लॅपटॉप केवळ तारखेने म्हातारे झाले. ॲपल तर अशी तारीख आधी सांगतच नाही. २०२० च्या सुरुवातीला बाजारात आलेली इंटेल प्रोसेसरची मॅकबुक एअर ॲपलच्या मॅकओएस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘टाहो’ या आवृत्तीच्या यादीत नाही, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेली, ॲपलच्या स्वतःच्या एम१ प्रोसेसरची मात्र आहे! दुकानात दोन्ही डबे शेजारी ठेवलेले असताना हे कुणाला कळणार होते? कार्यालयातून निघालेला, इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा एक सेकंडहँड लॅपटॉप मी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घालून वापरते. मराठी टायपिंग विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही सिस्टिमवर इन्स्क्रिप्ट या एकाच कळफलक-मांडणीने होत असल्याने बोटांना नवे काही शिकावे लागले नाही. मात्र वाणिज्य शाखेच्या ज्या विद्यार्थ्याला टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकायचे आहे, किंवा ज्या मुद्रकाकडे जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या फायली पडून आहेत, त्याने विंडोजच घ्यावे. तिथे हौस उपयोगी नाही.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी तो दुरुस्त करणे किती सोपे आहे याचे १० पैकी गुण लिहावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले आणि अशा गुणांकनासाठी पुढे समितीही नेमली. पण दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवर असे काही दिसू लागेपर्यंत गिऱ्हाइकाला वर्तमानपत्रातल्या तक्त्याचाच आधार आहे.

म्हणून आपल्याला विनंती, की पुढच्या पुरवणीत प्रत्येक लॅपटॉपची मालिका आणि मॉडेल क्रमांक पूर्ण द्यावा, बिजागरी धातूच्या चौकटीत बसवली आहे की प्लास्टिकच्या खांबांत, रॅम आणि साठवण बदलता येते का, आणि सुरक्षेच्या अपडेटची जाहीर तारीख कोणती, हे रकाने घालावेत. तारीख जाहीर नसेल तर तसेच छापावे. पानावर जागा अपुरी पडत असेल, तर स्क्रीनच्या कडेची जाडी वगळली तरी चालेल.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई