'सोबत कोण आहे?'

महोदय,

वेगवान गाड्या मागणारी पत्रे आपल्या सदरात नेहमी येतात, त्यात गैर काही नाही. 'वंदे भारत' आधी जालन्यापर्यंत होती, आता नांदेडपर्यंत आली. मुंबईत ज्याचे काम अडले आहे, त्याचा तासभर वाचला तर हवाच आहे. मी मात्र ६६ वर्षांची निवृत्त शिक्षिका. मला कुठेच घाईने पोचायचे नसते.

दिवाळी झाल्यावर परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने अमृतसरला गेले. दोन हजार किलोमीटरच्या आसपासचा पल्ला, एक रात्र गाडीत, आणि एकटी. "सोबत कोण आहे?" हे पोराने विचारले, शेजारणीने विचारले. जालन्याला चढलेल्या बाईंनी तर आवाज खाली आणून, "घरी काही झालं का हो?" म्हणून विचारले. काही झाले नव्हते. घुमानला जायचे होते. नामदेव महाराजांचे अभंग वर्गात तीस वर्षे शिकवले, महाराज आपल्या नरसीचे, म्हणून पंजाबातले त्यांचे ठिकाण एकदा बघायचे होते. पण पत्र लिहिते आहे ते वाटेबद्दल.

आजवरचा प्रत्येक प्रवास मी डबे उघडत केला. गाडी सुटली की सासऱ्यांना चहा, पोरांना धपाटे, यांना पाण्याची बाटली. खिडकी अर्थातच पोरांची. लहानपणी छोटी लाइन होती तेव्हाही तेच. मनमाडला वळकट्या-ट्रंका घेऊन मोठ्या गाडीत बसेपर्यंत आईला बाहेर बघायची उसंत नसे, आणि इंजिनाची कोळशाची कुसळे डोळ्यांत गेली की फुंकर घालायचे कामही तिचेच. दौलताबादचा किल्ला गाडीतून दिसतो, हे मी पोरांना सांगत आले. नीट बघितला तो या खेपेला. लासूर ते रोटेगाव बाहेर काय असते, तेही आताच कळले. कापूस फुटलेला होता, मध्येच तुरीचे पिवळे पट्टे, आणि एका बांधावर कोणी तरी गाडीकडे पाठ करून जेवत बसलेले. पुढे अनकाई-टनकाई किल्ल्यांची जोडी डब्याला खेटून गेली.

जागा साइड लोअर होती. लोक ती टाळतात. दोन खुर्च्या पाडून केलेल्या बर्थची मधली फट कमरेला लागते, हे खरे; तिथे शाल दुमडून टाकावी. वरच्या बर्थचा पोरगा दिवसभर मोबाइल घेऊन वरच पडून राहिला, त्यामुळे दोन्ही खुर्च्या माझ्या. भूक लागली तेव्हा धपाटे खाल्ले, नाही लागली तेव्हा नाही. चार तास कोणाशी एक शब्द बोलले नाही आणि कोणी "काय झालं?" म्हणून विचारले नाही. घरी एवढे गप्प बसले असते तर डॉक्टरांना फोन गेला असता!

रात्री इटारसी मागे पडल्यावर पुलावर गाडीचा आवाज बदलला आणि जाग आली. नर्मदा. काही दिसत नव्हते, तरी चाचपडत एक रुपया काढून टाकला. सकाळी ग्वाल्हेर गेल्यावर चंबळच्या घळी लागल्या, तेव्हा हातातला चहा निवून गेला.

पूर्वी ५८ ओलांडलेल्या बायकांना रेल्वेच्या भाड्यात निम्मी सवलत असे. मार्च २०२० पासून ती बंद आहे. ती परत मिळावी म्हणून आपल्या पत्राने लिहावे, एवढी विनंती.

जाता जाता, सचखंडने जाणाऱ्यांसाठी एक सांगते. वाटेत काही स्थानकांवर सेवेकरी बादल्या घेऊन येतात आणि लंगर वाढतात; भांडे आपले आपण न्यायचे. मी जेवणाचे सपाट ताट नेले होते आणि जालन्याला निम्मी कढी पदरावर घेतली. खोलगट डबा न्यावा.

— एक निवृत्त शिक्षिका, परभणी