दोह्यातले साडेपाच तास

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय सुध्या,

तुझं तिकीट नीट वाचलं. मुंबईहून रात्री पावणेदोनला सुटायचं, दोह्यात तिथल्या घड्याळानं २.४० ला उतरायचं आणि शिकागोचं विमान ८.१० ला. मध्ये साडेपाच तास, सोबत वहिनी आणि काकू. "लाउंज (विमानतळावरची बसायची-खायची निवांत जागा) घ्यावं का, आणि घेतलं तर कुठलं?" हे तू एका ओळीत विचारलंस, पण उत्तर एका ओळीत मावणारं नाही भावा.

आधी मिनिटं मोज. २.४० ही कागदावरची वेळ. विमान गेटला लागून, माणसं उठून, मागच्या रांगेतून तुम्ही बाहेर पडेपर्यंत ३.०५ होतील. मग ट्रान्सफरची तपासणी. मुंबईत एकदा झाली म्हणून सुटका नाही, दोह्यात पुन्हा बॅग पट्ट्यावर ठेवायची. तिथं रांग असली तर अर्धा तास धर. म्हणजे लाउंजच्या दारात ३.४० किंवा ३.४५. आता उलट्या बाजूनं ये. ८.१० च्या विमानाचं गेट साधारण २० मिनिटं आधी बंद होतं, बोर्डिंग तासभर आधी सुरू होतं आणि अमेरिकेच्या विमानाला गेटपाशी जादा तपासणी असते. काकूंना घेऊन तुम्ही सातच्या आत गेटवर हवेत, म्हणजे लाउंजमधून ६.४० ला उठायचं. हातात उरले तीन तास. बहुतेक लाउंजमध्ये बसू देण्याची मर्यादाही तीन तासांचीच असते, त्यामुळे तुझं गणित अगदी बसतंय. मधला वेळ अडीच तासांच्या आत असता तर मी सरळ नको म्हणालो असतो. आत जाऊन ताट भरेपर्यंत उठायची वेळ होते.

एक मेख आहे. काही लाउंज "जास्तीत जास्त तीन तास बसा" म्हणतात, काही "विमान सुटण्याच्या तीन तास आधीपासूनच आत या" म्हणतात. ऐकायला सारखंच वाटतं, पण दुसऱ्या नियमानं तुला ५.१० शिवाय प्रवेश नाही. ट्रान्झिटच्या, म्हणजे मध्ये विमान बदलणाऱ्या, प्रवाशाला पुष्कळ ठिकाणी यातून सूट मिळते, पण ती गृहीत धरू नकोस. प्रायॉरिटी पासच्या (लाउंजमध्ये शिरायचं सदस्य-कार्ड) ॲपमध्ये प्रत्येक लाउंजच्या पानावर खाली अटी असतात. फोटो सोडून त्या चार ओळी वाच. आणि अडवलंच, तर ५.१० पर्यंत शांत खोल्यांत जा. हमदला, म्हणजे दोह्याच्या विमानतळावर, त्या सगळ्यांना फुकट आहेत, आडवं होता येईल अशा खुर्च्या असतात, बायकांची आणि पुरुषांची खोली वेगळी. म्हणजे काकू आणि वहिनी एकीकडे, तू दुसरीकडे. कुणाकडे फोन आणि कुणाकडे पासपोर्ट हे आत जाण्याआधी ठरवा.

कुठलं लाउंज, तर गेटच्या वाटेवरचं. हमदला टर्मिनल एकच आहे, त्यामुळे तपासणी झाली की सगळी लाउंज एकाच हद्दीत. पण इमारत लांबच लांब आहे, पलीकडच्या टोकाच्या गेटांसाठी आतल्या आत ट्रेन धावते. ॲपमध्ये तुला अल महा आणि ओरिक्स ही नावं दिसतील. गेट स्क्रीनवर आलं नसेल तर पिवळ्या अस्वलाच्या चौकाजवळचं निवड. सात मीटर उंचीचं ते अस्वलाचं शिल्प आहे, चुकामूक झाली तर भेटायलाही तीच जागा बरी. अल मुर्जानच्या नादाला लागू नकोस, ते बिझनेस क्लासचं आहे. आणि बिझनेसचंही सगळ्यांना नाही: सगळ्यात स्वस्त 'लाइट' भाड्यात लाउंज धरलेलं नसतं. लोक लाख-दीड लाख मोजून दारातून परत येतात, कारण भाड्याच्या अटी कोणी वाचत नाही.

पहाटे तीन ते सहा ही दोह्यातली जत्रेची वेळ. भारत, नेपाळ, बांगलादेशकडची विमानं रात्री उतरतात आणि युरोप-अमेरिकेची सकाळी सुटतात, मधली सगळी माणसं लाउंजच्या दारात. "फुल" म्हणाले तर वाद घालू नकोस. किती वेळ लागेल विचार, अर्ध्या तासाच्या वर सांगितलं तर दुसरं गाठ. पुढं जाऊन जागा धरायची आपली सवय तिथं चालत नाही. प्रत्येकाचा बोर्डिंग पास स्कॅन होतो. म्हणून शिकागोचे तिघांचे बोर्डिंग पास मुंबईतच घे. तिथं निघाले नाहीत तर दोह्यात ट्रान्सफर डेस्कवर अजून अर्धा तास. मुंबईत बॅगेच्या टॅगवर शेवटचं गाव तुमचंच लिहिलंय का, हेही काउंटर सोडायच्या आधी बघ.

आता पैसे. इथंच सगळ्यात जास्त माती होते. बँकेचं क्रेडिट कार्ड आणि प्रायॉरिटी पास या दोन वेगळ्या गोष्टी. पासला स्वतःचा नंबर असतो आणि तो मागावा लागतो. तू महिनाभर आधी मागव, आणि ॲपमध्ये डिजिटल कार्ड कोल्हापुरातच उघडून ठेव. दोह्यात लॉगिन करायला गेलास आणि ओटीपी भारतातल्या सिमवर आला, तर रोमिंग नसताना तो कुठं वाचणार? पासवरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव जुळलं पाहिजे. तुझं एकीकडे 'सुधीर' आणि दुसरीकडे आद्याक्षरं असला प्रकार असेल तर बँकेकडून आत्ताच दुरुस्त करून घे.

फुकट भेटी किती आणि कुणाच्या, हे बँकेच्या ॲपमध्ये बघ, दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत नको. बऱ्याच बँकांनी अट घातलीय की मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच लाउंज. तुम्ही मे महिन्यात जाणार, म्हणजे जानेवारी ते मार्चचा खर्च मोजणार. एप्रिलात सोनं घेऊन उपयोग नाही. दुसरं, बँकेनं दिलेला पास पुष्कळदा भारताबाहेरच फुकट असतो. मुंबईत तोच दाखवलास तर डॉलरमध्ये बिल येतं. मुंबईत क्रेडिट कार्डच स्वाइप करायचं, त्यावर दोन ते पंचवीस रुपये कापतात, तेवढंच.

आणि पाहुण्यांचे पैसे वेगळे. प्रायॉरिटी पासवर पाहुण्याला ३५ डॉलर, माणशी. वहिनी आणि काकू मिळून ७०. त्यावर बँकेचा परकीय चलनाचा साडेतीन टक्क्यांपर्यंत आकार, आकारावर १८ टक्के जीएसटी. सहा हजारांच्या वर गेलं. तेवढ्यात तिघांचं खाणं बाहेर आरामात होईल, म्हणून दोघींचे पैसे भरून लाउंज घ्यावं असं मला वाटत नाही. वहिनींच्या नावानं ॲड-ऑन, म्हणजे तुझ्याच खात्यावरचं जादा कार्ड काढ. काही बँका त्यावरही पास देतात आणि भेटी एकाच खात्यातून वजा होतात. मग एकट्या काकूंचे ३५ राहतात, ते द्यायला हरकत नाही.

काउंटरवर एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघ. पास स्कॅन झाला की मुलगी एक चिठ्ठी पुढं करते किंवा स्क्रीनवर सही मागते. त्यावर 'गेस्ट' असा रकाना असतो. वहिनींचा पास वेगळा स्कॅन झाला असेल तर तुझ्या चिठ्ठीवर तिथं १ पाहिजे, २ नाही. पहाटेच्या गर्दीत तिघं एकत्र उभे दिसले की सरसकट दोन पाहुणे टाकले जातात. सही झाल्यावर तक्रार केली तर महिना-दोन महिने ईमेल लिहीत बसावं लागतं. चिठ्ठीचा फोटो काढून ठेव.

आत गेल्यावर आधी जेवणाकडे पळू नकोस. शॉवर हवा असेल तर रिसेप्शनलाच नाव लिहव, कारण चार-पाच न्हाणीघरं आणि शंभर माणसं असा हिशेब असतो. नंबर यायला तास लागतो, तेवढ्यात खाणं उरकतं. काही लाउंज शॉवरचे वेगळे पैसे घेतात, आधी विचार. टॉवेल, साबण तिथला मिळतो. स्लिपर आणि बदलायचे कपडे मात्र हातातल्या बॅगेत सगळ्यात वर ठेव, सगळी बॅग न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर उलटी करायची वेळ येऊ नये.

खाण्याबद्दल फार आशा धरू नकोस. आखातातल्या लाउंजमध्ये हमस, सॅलड, अंडी, वरणासारखी डाळ, भात, फळं असं असतं. डुक्कर नसतं, पण गोमांस असू शकतं, म्हणून पाटी वाचून वाढून घे. काकूंसाठी डाळ-भात आणि दही, प्रश्न मिटला. तिखट असं काही सापडणार नाही. शेंगदाण्याची सुकी चटणी नेलीस तर चालते. तेलात मुरलेलं लोणचं किंवा ओला ठेचा मात्र तपासणीत द्रवात धरतात, १०० मिलीच्या वर असेल तर टोपलीत जातो. आणि घरचा कांदा-लसूण मसाला चेक-इन बॅगेत टाकणार असशील तर वहिनींना विचार, खसखस घातलीय का. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे. ट्रान्झिटमध्ये बॅग कोणी उघडत नाही हे खरं, पण विमान चुकून वाट बदलून अमिरातीत उतरलं आणि बॅगा घेऊन बाहेर पडायची वेळ आली तर कस्टमसमोर मसाल्याची पाककृती सांगत कोण बसणार? यंदा बिनखसखशीचा मसाला न्या.

झोप घ्या, पण गजर नीट लावा. दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं. रोमिंग बंद असलं तर फोन बऱ्याचदा भारताचीच वेळ दाखवत राहतो. उतरल्यावर फोनवर ५.१० दिसतील आणि भिंतीवर २.४० असतील. अशा वेळी ६.४० चा गजर लावलास तर तो दोह्याच्या ४.१० ला वाजेल. उलट फोननं मधेच वायफायवरून वेळ बदलली तर भारतीय वेळेनं लावलेला गजर अडीच तास उशिरा. हा दुसरा प्रकार विमान घालवतो. म्हणून लाउंजमध्ये शिरतानाच सरळ टायमर लाव: अडीच तास. बऱ्याच लाउंजमध्ये विमानाची घोषणा होत नाही, कोणी उठवायला येत नाही. गेट बदललं का हे उठल्यावर स्क्रीनवरच बघायचं. आतला एसी बोचरा असतो, काकूंची शाल चेक-इन बॅगेत टाकू नका.

काकूंसाठी व्हीलचेअर तिकिटावर टाकलीस, उत्तम. फक्त एवढं ध्यानात ठेव की मदतनीस त्यांना मदतीच्या वेगळ्या बसण्याच्या जागी नेऊन सोडतात आणि विमानाच्या वेळी उचलतात. लाउंजला जायचं असेल तर विमानाच्या दारातच सांग: लाउंजपर्यंत सोडा, ६.३५ ला तिथूनच घ्या. लाउंजचं नाव कागदावर लिहून दे. ६.३५ ला कोणी आलं नाही तर रिसेप्शनला फोन लावायला सांग, वाट बघत बसू नका.

उठताना पाण्याच्या बाटल्या भरून घेऊ नका, गेटवरच्या तपासणीत ओतायला लावतात. लाउंजमधलं खाणं बांधून नेणंही त्यांना चालत नाही. काकूंना आधीच सांग, नाहीतर त्या केळी पिशवीत घालणार.

शिकागोत लाउंजचा विचारच सोड. अमेरिकेत ट्रान्झिट नावाचा प्रकार नाही. पहिल्या गावातच इमिग्रेशन, बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम, पुन्हा जमा करायच्या, मग ट्रेननं दुसरं टर्मिनल आणि तिथं परत तपासणी. पुढच्या विमानापर्यंतचे तुझे तीन तास त्यातच संपतील.

बाळूचं सिडनीला जाताना सिंगापुरात थांबणं आहे म्हणालास. त्याला सांग, तिथल्या चांगी विमानतळाच्या पहिल्या तीन टर्मिनलांत तपासणी गेटवर होते, दोह्यासारखी आधी नाही. त्यामुळे लाउंजमधून अर्धा तास जादा हाताशी ठेवून निघायचं. या तीन टर्मिनलांमध्ये आतल्या आत ट्रेन आहे, चौथ्याला बस. ज्या धबधब्याचे फोटो तो बघत बसलाय तो ज्वेल मॉलमध्ये, म्हणजे इमिग्रेशनच्या बाहेर आहे. व्हिसाचं बघितल्याशिवाय बेत आखू नकोस म्हणावं. टर्मिनल ३ मधली फुलपाखरांची बाग मात्र आतच आहे आणि फुकट आहे. त्याचा मधला वेळ चार तासांचा असेल तर मी म्हणेन लाउंजचे पैसे वाचव.

बँकेला फोन या आठवड्यातच कर. आणि मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाणार की गाडीनं, ते कळव. गाडीनं असेल तर उजळाईवाडीच्या पुढं हायवेला भेटतो, काकूंची शाल आणि तुझं अडॅप्टर माझ्याकडे पडलंय ते देतो.

तुझा,
बंडा