आमचं कोहळं, त्यांचं ल्पौ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘कोहळ्याची बोंडं’ ही पाककृती वाचली. कृती बरोबर, गुळाचं मापही बरोबर. पण शेजारी चित्र छापलंत ते पांढऱ्या, राख फासल्यासारख्या फळाचं, ज्याचा पेठा करतात त्याचं. त्या फळाची बोंडं तळायला घेतली तर कढईत तेल कमी आणि पाणीच जास्त व्हायचं. आमच्याकडे, भंडारा-गोंदियापासून पार वऱ्हाडापर्यंत, कोहळं म्हणजे लाल भोपळा. पुण्याकडे कोहळा म्हटलं की पेठ्याचं फळ समजतात, हे मला ठाऊक आहे. पण कृती विदर्भाची, खाली नाव विदर्भातल्या बाईचं. चित्र लावणाऱ्यानं तिला एक फोन करायचा होता.

एवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. कृतीच्या आधी तुमच्या लेखनिकानं एक ओळ जोडली आहे: ‘हल्ली फारसं कुणी न खाणारी, पंगतीपुरती उरलेली भाजी.’ ती ओळ वाचल्यापासून मला सिएम रीपची म्हातारी आठवते आहे.

मी लाखनी तालुक्यातली, निवृत्त अंगणवाडी सेविका. जावई कंबोडियात सिएम रीप गावी एका हॉटेलात हिशेबाचं काम बघतो. २०२४ च्या जुलैत मुलीच्या बाळंतपणासाठी मी तिकडे गेले. पासपोर्ट पहिला, विमान पहिलं. गेले तेव्हा वाटलं होतं, परक्या मुलखात सगळंच वेगळं असेल. गाडी गावाबाहेर पडली तर दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया आणि धुऱ्यावर ताडाची झाडं. रोवणा चालू होता. मी मुलीला म्हटलं, “काहो, मले उलटी साकोलीकडंच आणलं का?”

मुलीच्या घराला लागून एका म्हातारीचं लाकडी घर, खांबांवर उचललेलं. खाली झोळी, सायकल, कोंबड्या आणि कुंपणावर पसरलेला कोहळ्याचा वेल. आजीला तिकडे ‘यीय’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणायचो. तिला मराठी नाही, मला ख्मेर नाही. तिची नात थोडं इंग्रजी बोले, ते माझी मुलगी मराठीत सांगे. असा दोन बांध्या ओलांडून निरोप यायचा. कोण दिसलं की यीय आधी विचारायची, “न्याम बाय?” म्हणजे भात जेवलीस का. आमच्या गावातही आधी हेच विचारतात, ख्यालीखुशाली नंतर.

तिच्या भाषेत कोहळ्याला ‘ल्पौ’ म्हणतात. पहिल्यांदा मी तिला वेलाजवळ पाहिलं तेव्हा ती फळाकडे बघतही नव्हती. पहाटेच वेलाचे कोवळे शेंडे खुडत होती, वीतभर लांबीचे. मग त्यांच्या देठांवरची दोरे निघणारी साल नखानं सोलत बसली. सोबत फुलं. फुलं खुडतानाही ती बघून खुडे. बारीक लांब दांड्याचं फूल घेई. ज्याच्या मागे इवलंसं फळ धरलेलं असतं ते ठेवी. दांड्याच्या फुलांतलीही दोन-चार भुंग्यांसाठी ठेवी, नाहीतर फळ धरायचं नाही. शेंडा खुडला की वेल बाजूला फुटतो, म्हणजे खाल्लं तरी वेल वाढतोच. ते शेंडे आणि फुलं, गिलकी, मक्याची कोवळी कणसं आणि मासोळी घालून ती पातळ रस्सा करी. त्याला म्हणतात ‘सामलॉ प्रहेर’.

माझी आई कोहळ्याच्या फुलांची बेसन लावून भाजी करायची. मी लग्न झाल्यावर किती वेळा केली असेल? दोनदा. वेल आमच्याही कवेलूंवर असतोच की.

आता तिथला मुख्य पदार्थ सांगते, तुम्ही छापाल म्हणून नाही, मला सांगायचाच आहे म्हणून. नाव ‘सामलॉ कोरको’. सामलॉ म्हणजे रस्सा, आणि कोरको म्हणजे ढवळणं. त्याला आधी वाटण लागतं, ‘क्रोएंग’. गवती चहाचे दांडे, कुलंजन, ओली हळद, लसूण, बारके कांदे, एका रानटी लिंबाची पानं. हे सगळं बारीक चिरून उखळीत कुटायचं. मिक्सर तिच्या नातीनं आणला होता, यीयनं त्यावर फडकं टाकून ठेवलं होतं. दुसरीकडे तांदूळ कोरडेच भाजायचे, लालसर होऊन घरभर वास सुटेपर्यंत, आणि त्यांचं पीठ करायचं. मग वाटण परतायचं, त्यात ‘प्रहोक’.

प्रहोकबद्दल सांगायलाच हवं. तोनले साप नावाचं त्यांचं मोठं तळं आहे. पावसाळ्यात मेकाँग नदी फुगली की तळ्यातून निघणारी नदी उलटी वाहते आणि तळं कैक पटीनं पसरतं. पाणी ओसरताना बारीक मासोळी ढिगानं सापडते. ती तुडवून, मीठ लावून मुरवतात, महिनोन्‌महिने. तेच प्रहोक. पहिल्या दिवशी मला वाटलं, घरात काहीतरी मेलंय. पण मी झाडीपट्टीची, आमच्याकडे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, आहेत, सुकवलेल्या झिंग्यांवर वाढलेली. चौथ्या दिवशी मला तो वास कळला. जावयाला अजून कळलेला नाही.

त्यात मांगूर मासोळीचे तुकडे पडतात. पुढे ज्या भाज्या परसात असतील त्या, कठीण आधी आणि नरम नंतर: कच्चा फणस, कच्ची केळी, कच्ची पपई, कोहळं, वांगी, चवळीच्या शेंगा. शेवटी मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा पाला, तोंडलीचा पाला. भाजल्या तांदळाचं पीठ टाकलं की ढवळत बसायचं. आणि इथं कोहळ्याचं खरं काम कळतं. आमच्याकडे पंगतीत कोहळ्याची भाजी वेगळी होते, मेथीदाणा आणि सुक्या मिरचीच्या फोडणीत, गूळ घालून, साल ठेवून, की फोडी मोडू नयेत. त्यांच्या कोरकोत फोड अर्धी मोडलीच पाहिजे. मोडली की रस्सा घट्ट होतो, प्रहोकचा खारटपणा सावरतो आणि साखर कमी लागते. आमची भाजी एकटी नांदते, त्यांचं कोहळं सगळ्या घरात विरघळून जातं. मला दोन्ही आवडतात, पण सुनेला शिकवायची झाली तर आता कोरको शिकवीन.

आमचं पित्रपक्ष आलं आणि माझा जीव कासावीस झाला. यजमानांची तिथी अष्टमी. सात वर्षांत पहिल्यांदा मी घरी नव्हते. मुलगी म्हणाली, यंदा राहू दे. त्याच दिवसांत यीयच्या घरी धावपळ सुरू झाली. विचारलं तर कळलं, त्यांचेही पंधरा दिवस पितरांचे. ‘प्चुम बेन’ म्हणतात. बेन म्हणजे आपला पिंड, आणि महिन्याचं नाव ‘फोत्रबोत’, म्हणजे भाद्रपद! पौर्णिमेनंतर सुरू, अमावस्येला शेवट. त्या वर्षी दोघांची अमावस्या एकच, २ ऑक्टोबर. पहाटे अंधारात भाताचे गोळे घेऊन विहाराभोवती फिरतात आणि भुकेल्या पितरांसाठी जमिनीवर टाकतात. आमच्यात कावळ्याची वाट बघतात, त्यांच्यात उजाडायच्या आत आटोपतात.

अष्टमीला मी यीयच्याच वेलाचं कोहळं मागून घेतलं. उडीद डाळ मिळाली नाही, म्हणून वडे नाहीत. खीर, कढी, भात आणि कोहळ्याची भाजी. पित्राच्या ताटात कोहळं नसेल तर आमच्याकडे ते ताट पूर्ण होत नाही. केळीच्या पानावर वाढून कुंपणाशी ठेवलं. कावळा आला नाही. तासाभरानं यीय आली, पान बघितलं, काही न विचारता भाजी एका डब्यात काढली आणि आपल्या कोरकोच्या डब्यावर ठेवून विहारात घेऊन गेली. भंते जेवले म्हणे. यजमानांना मेथीची फोडणी आवडायची.

तिच्या पितरांबद्दल मी नंतर विचारलं. १७ एप्रिल १९७५ ला तिकडे ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाचं राज्य आलं, ते जानेवारी १९७९ पर्यंत होतं. गावंच्या गावं हाकलली आणि पुढे घरातल्या चुली बंद केल्या. सगळ्यांनी एका ठिकाणी जेवायचं, आणि जेवण म्हणजे पाण्यात मोजकी शितं. त्या काळात भुकेनं, आजारानं आणि मारून पंधरा ते वीस लाख माणसं गेली. यीयचे वडील आणि दोन भाऊ त्यातले. तिनं स्वतःबद्दल एकच गोष्ट सांगितली. वाटेत कुणाच्या तरी पडक्या घरावर कोहळ्याचा वेल होता, तिनं चार पानं खुडून पदरात लपवली, आणि शिजवायला ना भांडं ना विस्तव, म्हणून कच्चीच खाल्ली. सांगताना तिनं हातानं पानं चोळून दाखवली, कारण कोहळ्याच्या पानाला लव असते, ती घशात टोचते.

१९७५ हे साल माझ्या डोक्यात दुसऱ्याच कारणानं पक्कं आहे. आमच्या अंगणवाडीची योजना त्या वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झाली, हे प्रत्येक प्रशिक्षणात घोकून घेतलेलं. इकडे सरकार लेकरांसाठी खिचडी शिजवायची तयारी करत होतं आणि तिकडे आया आपल्या घरी भात शिजवू शकत नव्हत्या. यावर मला जास्त काही बोलता येत नाही.

गोड पदार्थही सांगते, कारण त्यात माझी फजिती आहे. ‘सांख्या ल्पौ’. लहान कोहळ्याची टोपी कापायची, बिया काढायच्या, आत अंडी, नारळाचं दूध आणि ताडगूळ घोटून ओतायचं आणि अख्खं वाफवायचं. थंड झालं की काप करायचे: बाहेर केशरी, मधे पिवळसर. हे मी गावी येऊन केलं. हौसेनं पाच किलोचं कोहळं घेतलं, काठोकाठ भरलं, गंजात, म्हणजे पातेल्यात ठेवलं. ते मधोमध उकललं. सगळं घोटलेलं खाली पाण्यात गेलं. सासूबाई अंडं शिवत नाहीत, त्यांनी लांबूनच विचारलं, “हे कोहळं आहे का कोंबडीचं खुराडं?” यीय लहानसं, जाड सालीचं घ्यायची, तीन बोटं रिकामं ठेवायची आणि वाडग्यात बसवून वाफवायची. मी तिचं लक्ष देऊन बघितलं होतं, मापाचं सोडून.

जावयानं बायोन मंदिर दाखवायला नेलं, सातव्या जयवर्मनच्या काळातलं. बाहेरच्या भिंतींवर राजापेक्षा बाजारच जास्त कोरलाय. तराजू धरलेल्या बाया, काडीत अडकवून भाजलेली मासोळी, कढईत डुक्कर सोडणारा माणूस. मी कोहळं शोधत होते. जावई हसला, म्हणाला, आई, तेव्हा ते इकडे नव्हतंच. बरोबर आहे. लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला, कोलंबस १४९२ ला तिकडे गेला त्यानंतर जहाजांनी आशियात आला. मिरचीही तशीच. म्हणजे ज्या पितरांच्या ताटात आम्ही आग्रहानं कोहळं वाढतो, त्यांच्यातल्या जुन्यांनी ते कधी पाहिलंही नव्हतं. तरी वाढायचं. यीयला हे सांगितलं तर म्हणाली, आता त्यांना आवडतं.

तर संपादक महोदय, पंगतीपुरती उरलेली भाजी म्हणून तुम्ही मोकळे झालात, पण उरलेलं काय ते तरी बघा. ३१ वर्षं मी लेकरांना दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व ‘अ’चा डोस पाजला. पिवळ्या-केशरी भाज्या खा, असा तक्ता भिंतीवर लावला. त्या तक्त्यावर चित्र गाजराचं होतं, जे आमच्या गावात हिवाळ्याशिवाय दिसत नाही. कोहळं एकदा उतरवून माळ्यावर ठेवलं की महिनोन्‌महिने टिकतं. त्याचा पाला, शेंडा, फूल, बी, सगळं पोटात जातं. शाळांच्या पोषण आहारासाठी परसबागा झाल्या आहेत, मी चार शाळांत बघून आले. पालक आहे, मेथी आहे, सांभार म्हणजे कोथिंबीर आहे. कोहळं एकाही ठिकाणी नाही. एका गुरुजींनी सांगितलं, वेलाला जागा फार लागते. शाळेला छप्पर आहे, कुंपण आहे, तेवढी जागा यीयकडेही नव्हती. तुमच्या पुरवणीत एकदा कोहळ्याच्या पाल्याची आणि फुलांची भाजी छापा. चित्र लावताना मला फोन करा.

येताना यीयनं कागदाच्या पुडीत बिया दिल्या होत्या. परदेशातून बी असं आणता येत नाही, असं जावयानं सांगितलं, म्हणून त्या मुलीच्या अंगणात कुंपणाला लागूनच टोचून आले. परवा व्हिडिओ कॉलवर नात रांगताना दिसली, मागे वेल दिसला. तो कुंपण ओलांडून यीयच्या बाजूला गेलाय आणि पहिलं फळ तिकडेच धरलंय. बी तिचं, माती मुलीची. दोघींचं अजून ठरलेलं नाही.

आपली,
एक वाचक
ता. लाखनी, जि. भंडारा