किनाऱ्यावरील घरी दिलेल्या पेलेट ग्रिलची बॉडी दोन पावसाळ्यांत आरपार गंजल्याबाबत तक्रार

दिनांक : २७ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
मुख्य कार्यालय, मुंबई.

विषय : पेलेट ग्रिलच्या बॉडीला तळाशी गंजून भोक पडणे आणि त्यावरील वॉरंटी नाकारली जाणे.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा दिनांक ९ ऑक्टोबर २०२५ चा ईमेल.

महोदय/महोदया,

मी गुहागर तालुक्यात, समुद्रापासून पायी पाच मिनिटांच्या अंतरावर राहतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या पुण्यातील विक्री दालनातून मी लाकडी पेलेटवर चालणारे आपले ग्रिल एक लाख बारा हजार रुपयांना घेतले. घर कुठे आहे हे मी दालनात स्वतःहून सांगितले होते आणि त्यावर, "काका, आउटडोअरसाठीच बनवलंय, दहा वर्षं बघायला नको," असे उत्तर मला मिळाले होते. तोंडी बोलण्याला पुरावा नसतो हे मला कळते. परंतु माल पोचवण्याचा पत्ता आपल्याच बिलावर छापलेला आहे, तेव्हा हे यंत्र खाऱ्या हवेत उभे राहणार आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

यंदाच्या सप्टेंबरमध्ये या ग्रिलच्या तळाला आरपार भोक पडलेले आढळले. मी तक्रार नोंदवली, आपले तंत्रज्ञ येऊन पंधरा मिनिटांत चार फोटो काढून गेले, आणि संदर्भित ईमेलने मला कळवण्यात आले की हा गंज "पर्यावरणीय कारणांमुळे आणि अपुऱ्या देखभालीमुळे" झालेला असल्याने वॉरंटीत बसत नाही. हे दोन्ही मुद्दे मला मान्य नाहीत. ते का मान्य नाहीत हे सविस्तर लिहिणे भाग आहे, म्हणून पत्र लांबले आहे.

प्रथम माझ्याविषयी एवढेच सांगतो की मी मर्चंट नेव्हीत फिटर म्हणून २७ वर्षे काढली आहेत. जहाजावर गंज ठोकायचा, वायर ब्रश मारायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा आणि रंग लावायचा, हे काम कधी संपत नाही. एका टोकाला पोचेपर्यंत दुसरे टोक पुन्हा तांबडे झालेले असते. त्यामुळे समुद्राकाठी लोखंड गंजते ही गोष्ट मला ईमेलने कळवण्याची गरज नव्हती. माझी तक्रार ग्रिल गंजले अशी नसून ते कुठे, कोणत्या बाजूने आणि कशामुळे गंजले, याविषयी आहे.

जो गंज आणि जे नुकसान माझ्या खात्यातले आहे, ते मी आधीच बाजूला काढतो. पहिल्या पावसाळ्यात हॉपरमध्ये, म्हणजे पेलेट भरायच्या टाकीत, पेलेट तसेच ठेवून मी पंधरा दिवस मुलाकडे गेलो होतो. पेलेट म्हणजे दाबून बसवलेला लाकडाचा भुसा. दमट हवेत तो फुगला, फुटला आणि ऑगरच्या, म्हणजे पेलेट आत ढकलणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, नळीत सिमेंटसारखा घट्ट बसला. तो दांडा मोकळा करून घ्यायला मी पदरचे पैसे मोजले आणि आपल्याला एका शब्दानेही कळवले नाही, कारण चूक माझी होती. इग्नायटर (पेटवणारी कांडी), फायरपॉट (पेलेट जळतात ती वाटी) आणि जाळ्या या झिजणाऱ्या वस्तू आहेत, त्या काही वर्षांनी बदलाव्याच लागतात. फायरपॉटला आलेला तांबूस रंग आणि जाळीवरचे ठिपके यांबद्दलही माझे काही म्हणणे नाही. नीट राखलेले असे यंत्र साधारणपणे पाच ते दहा वर्षे चालते आणि किनाऱ्यावर त्यातली एक-दोन वर्षे कमी धरावीत, हा हिशेब मी मनाशी केलेलाच होता. बॉडी मात्र झिजणाऱ्या वस्तूंत मोडत नाही. ती गेली की ग्रिलच गेले.

आता त्या भोकाविषयी. ग्रिलचा गोल पिंप ज्या दोन पायांवर बसतो, त्या पायांच्या आडव्या पट्टीला आपण पत्रा दुमडून पन्हळीसारखा आकार दिला आहे आणि ती पट्टी पिंपाच्या पोटाला ठिकठिकाणी वेल्डिंगने टाचली आहे. पन्हळीचे तोंड वर आहे आणि तिला खाली एकही भोक नाही. पडवीच्या खांबाआडून आलेली झड, रात्रीचे दव, हवेतून येणारी मिठाची पूड, जे जे खाली उतरते ते या पन्हळीत साचते आणि तिथेच राहते. बाहेरून पाहिले तर ऑगस्टपर्यंत काळा रंग शाबूत दिसत होता. फक्त वेल्डिंगच्या रेषेवर मसुराएवढे दोन फोड आले होते. सप्टेंबरमध्ये त्यांतला एक फोड मी अंगठ्याने दाबला, तेव्हा रंगाचा पापुद्रा खालच्या गंजासकट सुटून हातात आला, आणि तिथे टेकवलेला स्क्रूड्रायव्हर जोर न लावता आत गेला. दाढीचा आरसा आणि विजेरी घेऊन मी पन्हळीच्या आत पाहिले. तिथे रंग नाही. खरवडला गेलेला नाही, उडालेला नाही, मुळात पोचलेलाच नाही. दुमडलेल्या पत्र्याच्या आतल्या अंगाला पावडर कोटिंगचा फक्त कडेला एक धुरकट पट्टा दिसतो आणि त्यापुढे उघडे लोखंड आहे. त्या पट्टीला खालून दोन भोके पाडून ठेवली असती तरी पाणी निथळून गेले असते. हे काम कारखान्यात ड्रिल मशीनवर एका मिनिटाचेही नाही.

"अपुरी देखभाल" या शब्दांना माझे उत्तर हेच आहे. वापर झाला की दुसऱ्या दिवशी राख काढणे, ड्रिप ट्रे खरवडणे, जाळीला तेलाचा हात देणे, बाहेरून फडक्याने पुसणे, हे सारे मी केले, आणि आपल्या तंत्रज्ञांनी आतली स्वच्छता पाहून तसे बोलूनही दाखवले होते. ज्या जागी माझा हातच काय, आपला रंगाचा फवाराही पोचला नाही, तिथली देखभाल माझ्या माथी कशी येते?

"पर्यावरणीय कारणे" या शब्दांविषयी थोडे अधिक लिहितो. साधे मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून घेते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असल्याने त्याला याहून बरीच कमी आर्द्रता पुरते. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसरात्र आणि इतर महिन्यांत बहुतेक रात्री हवा एवढी दमट असते, म्हणजे मीठ बसलेला पत्रा पावसाचा थेंब न पडताही ओला राहतो. हवेच्या गंजकारकतेची प्रतवारी करणाऱ्या आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात सी-५ या अतिशय गंजकारक श्रेणीच्या हवेत उघडे साधे पोलाद पहिल्या वर्षी ८० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजते असे धरले आहे. आपल्या बॉडीचा पत्रा मी मोजला, तो १.२ मिलिमीटर आहे. दोन्ही अंगांनी २०० मायक्रॉन धरले तर वर्षाला ०.४ मिलिमीटर जातात. पुढे हा वेग सहसा मंदावतो हे खरे, पण खाचेत पाणी आणि मीठ साचून राहिले की मंदावण्याचे कारण उरत नाही. सांगायचा मुद्दा हा की किनाऱ्यावर असा पत्रा टिकतो तो केवळ रंगाच्या जिवावर, आणि रंग कुठे पोचला नाही हे ठरले ते आपल्या कारखान्यात, माझ्या पडवीत नाही.

यातली एक गोष्ट आपल्या माहितीपुस्तिकेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पुस्तिकेत "ग्रिल छपराखाली ठेवावे" असे लिहिले आहे आणि पुढच्याच पानावर "बाहेरील भागावर पाणी वापरू नये" असे लिहिले आहे. इतर गावी या दोन्ही सूचना योग्य असतील. किनाऱ्यावर त्या एकत्र पाळल्या की ग्रिलचा घात होतो, कारण उघड्यावरच्या लोखंडावरचे मीठ निदान पाऊस धुऊन नेतो. छपराखालच्या लोखंडावर मीठ येते पण पाणी येत नाही, म्हणून ते थरावर थर साचत जाते. जहाजावर डेक गोड्या पाण्याने धुतात ते याचसाठी. माझ्या ग्रिलचे झाकण, ज्यावर कधीमधी झड येते, ते आजही चांगले आहे, आणि पोटाखालचा, पावसाने कधीच न धुतला जाणारा भाग सर्वांत जास्त खराब झाला आहे. आपल्या सूचना मी अक्षरशः पाळल्या, हा माझा दोष ठरत असेल तर तसे लेखी कळवावे.

कव्हरचीही तीच गत आहे. आपण वेगळे साडेचार हजार रुपये घेऊन दिलेल्या कव्हरला आतून रबराचा लेप आहे आणि हवा खेळायला कुठेही झरोका नाही. गरम भाकरी डब्यात झाकून ठेवली की झाकणाला जसा घाम सुटतो, तसा सकाळी कव्हर काढले की पत्र्यावर घाम असतो. दुसऱ्या पावसाळ्यात मी ते खालून वीतभर वर दुमडून बांधायला लागलो, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

आणखी एक शंका आहे, तिचे निरसन व्हावे. जाहिरातीत हॉपरचे झाकण आणि पुढची फळी "स्टेनलेस स्टील"ची असल्याचे म्हटले आहे, ग्रेड दिलेली नाही. फ्रिजवरचे चुंबक या फळीच्या मधोमध, सपाट भागावर, घट्ट चिकटते. क्रोमियमबरोबर निकेलही असलेला ३०४ ग्रेडचा पत्रा दुमडलेल्या कडेला चुंबकाला थोडाफार ओढतो, सपाट भागावर एवढा चिकटत नाही. क्रोमियम असलेला पण निकेल नसलेला ४३० मात्र चिकटतो. आमच्या गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने पाच पावसाळ्यांपूर्वी ३०४ मध्ये केलेल्या जिन्याच्या कठड्यावर आज चहाच्या डागासारखे डाग आहेत, जे पुसले की जातात. आपल्या फळीवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले आहेत, जे पुसून जात नाहीत. ४३० वापरणे हा गुन्हा नाही. पण समुद्राकाठच्या गिऱ्हाइकाला ग्रेड न सांगता नुसते "स्टेनलेस" म्हणणे मला सरळपणाचे वाटत नाही. शिवाय ही फळी बसवलेले स्क्रू साध्या लोखंडाचे, वरून जस्ताचा मुलामा दिलेले आहेत. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात लोखंडाचा लहान स्क्रू खाऱ्या ओलीत ठेवला तर आधी स्क्रू खाल्ला जातो, हे कोणताही होडीवाला सांगेल. आठपैकी तीन स्क्रूंची डोकी तुटून गेली आहेत.

आपल्या वॉरंटी कार्डात, ज्याची प्रत सोबत आहे, पृष्ठभागावरचा गंज वगळलेला आहे, परंतु "बॉडी गंजून आरपार भोक पडल्यास" तीन वर्षांची हमी स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. माझ्या ग्रिलला आरपार भोक पडले आहे आणि तीन वर्षे नोव्हेंबर २०२६ ला पूर्ण होतात. ईमेल लिहिणाऱ्यांनी हे कलम वाचलेले दिसत नाही. त्या भोकातून राख आणि तेलकट ठिबक खाली येते, निखाराही येऊ शकतो, आणि खाली पडवीत सुक्या झावळ्या असतात, म्हणून गेल्या महिन्यापासून मी ग्रिल पेटवलेले नाही. मासेमारी सुरू होऊन सुरमई स्वस्त झाली आणि आमच्या घरात पुन्हा बिडाचा तवा चुलीवर चढला. तो तवा माझ्या आईच्या वेळचा आहे, पण त्याची तुलना मी इथे करत नाही. त्याला वॉरंटी नव्हती.

माझी मागणी अशी आहे की आपण बॉडी आणि पायांची पट्टी विनामूल्य बदलून द्यावी, आणि नवी पट्टी आतून-बाहेरून रंगवलेली व निथळण्यासाठी भोके असलेली असावी. तशी पट्टी आपण बनवतच नसाल तर जुन्याच रचनेची बॉडी मला नको, कारण ती २०२७ साली मला पुन्हा हेच पत्र लिहायला लावील. त्याऐवजी दोन वर्षांच्या वापराची वाजवी वजावट करून उरलेली रक्कम परत करावी. फळीची ग्रेड लेखी कळवावी आणि स्क्रू स्टेनलेसचे द्यावेत. माहितीपुस्तिकेत किनाऱ्यावरच्या ग्राहकांसाठी वेगळे पान असावे : आठवड्यातून एकदा वीज बंद करून बाहेरचा भाग आणि पोटाखालची बाजू गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसून कोरडी करावी, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांतच हॉपर रिकामा करून पेलेट हवाबंद डब्यात भरावेत, राख ओलावा धरते म्हणून ती आत राहू देऊ नये, आणि पावसाळ्यात वापर नसला तरी पंधरवड्यातून एकदा थोडे पेलेट घालून ग्रिल पंधरा-वीस मिनिटे मोठ्या आचेवर चालवून वाळवावे. हे पान मला २०२३ साली मिळाले असते तर निदान ऑगर वाचला असता.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार रत्नागिरी येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय या कायद्याने केलेली असल्याने मला मुंबईची फेरी पडणार नाही. तशी वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण मुळात आपले ग्रिल काम चांगले करते. त्यावर धुरावलेला बांगडा पाहुण्यांनी दोनदा मागून खाल्लेला आहे.

माझे नाव, पत्ता आणि बिल क्रमांक सोबतच्या प्रतींवर आहेत. तंत्रज्ञ पुन्हा पाठवणार असाल तर त्यांना आरसा आणि विजेरी घेऊन यायला सांगावे.

कळावे,

आपला ग्राहक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी.

सोबत : बिलाची प्रत, वॉरंटी कार्डाची प्रत, ९ ऑक्टोबरच्या ईमेलची प्रत, अकरा छायाचित्रे, आणि कागदाच्या पुडीत तळाचा सुटलेला पापुद्रा. पुडी जपून उघडावी, त्याची पूड होत चालली आहे.